नांगऱ्याचं जेवण

भर्रीडीह
२८ मे २००२

भोजली, सीताराम.

तळ्याच्या पायरीवर आपण एकमेकींच्या कानामागे भोजलीचे गव्हाचे अंकुर खोवून सख्या झालो, तेव्हापासून रीतीप्रमाणे तुझं नाव मी तोंडावाटे काढलेलं नाही. सख्ख्या बहिणीला मागता येत नाही ते भोजलीला मागता येतं म्हणतात. आज मागते आहे.

तो परत आला. वीटभट्टीवरून. एकटा आलेला नाही. एकीला बांगड्या भरून, रीतसर दुसरी बायको करून आणली आहे. मी दारात उभी होते. मला म्हणाला, "रमशिला, पाणी आण, दोन लोटे." मी आणले. दुसरं काय करणार होते?

मग जातीची बैठक बसली. माझे थोरले दीर बिसौहा म्हणाले, "एका घरात दोन चुली पेटल्या की धूर तिसऱ्याच्याच डोळ्यात जातो. हिला माहेरी धाडा." सासू म्हणाली, "धाडा, पण पोरगी इथे राहील. बी ज्याचं, पीक त्याचं." पुन्नी तेव्हा माझ्या मांडीवर बसून चिंचोके मोजत होती. आपल्याविषयी चाललंय हे तिला कळलंच नाही.

शेवटी म्हाताऱ्या पंचांनी तोड काढली. भाठ्यावरचा, म्हणजे वरच्या माळावरचा, मुरमाड तुकडा या हंगामासाठी माझा. त्यातून आम्हा दोघींच्या पोटापुरतं धान निघालं तर तुकडा कायमचा माझा आणि पुन्नी माझ्यापाशी. नाही निघालं तर मी एकटी माहेरी.

बिसौहा लगेच "कबूल" म्हणाले. त्यांना कबूल असायला काय जातं? त्या तुकड्यात आजवर फक्त कोदोचं भरड धान्य उगवलं, तेही लाजत लाजत.

तू त्या भात फार्मवर काम करतेस. मागे म्हणाली होतीस, तिथे एक धान आहे, पावसाने पाठ फिरवली तरी तग धरतं. मला त्यातलं थोडं दे.

तुझी भोजली


सेमरखार भात फार्म
८ जून २००२

भोजली, सीताराम.

तुझा नवरा मेल्याचं कळलं असतं तर मी रडले असते. तो परत आल्याचं कळलं म्हणून जास्त रडले.

माझ्या भावाबरोबर पिशवी पाठवते आहे. या धानाला अजून नाव नाही, नुसता नंबर आहे. चाचणी पुरी झाल्याशिवाय ते गावात द्यायचं नसतं. साहेबांना ठाऊक नाही. तेव्हा कुणी विचारलं तर माहेरचं बियाणं म्हणून सांग.

आता नीट वाच. पहिल्या सरीनंतर ओळीत पेर, फेकून नको. तण खुरप्याने काढ. पाऊस ओढला की दुपारी याची पानं सुतळीसारखी वळतील. बघून छाती धडधडेल, पण घाबरू नकोस. ते पाणी राखतं आहे. रात्री उलगडेल. आपलं गावठी धान मुळं पसरतं, हे खाली सोडतं. मुरूमही फोडतं.

आणि एक. याला बियासी करायची नाही. आपल्या धानाला साडेचार महिने असतात. तण मरावं म्हणून साचल्या पाण्यात, उभ्या पिकात नांगर फिरवला, निम्मी रोपं मोडली, तरी ते पुन्हा उठायला त्याला सवड असते. हे धान घाईचं आहे. पोटरीत आल्यावर याच्या मुळांना नांगर लागला तर ते उठत नाही. तुला बाईमाणसाला नांगर धरायची मनाई, म्हणून तुझ्या वतीने कुणी पुरुष उपकार करायला येईल. त्याला वेळीच थांबव.

मी अजून रोजंदारीवरच आहे. यंदा कायम करतील असं म्हणतात. देवाला सांग माझ्यासाठी.

तुझी भोजली


भर्रीडीह
२४ जुलै २००२

भोजली, सीताराम.

आषाढ कोरडा गेला. गावात कुणी कुणाशी धड बोलत नाही. तळ्यात चिखल उरला आहे आणि त्यात म्हशी बसतात की म्हशींत चिखल बसतो ते कळत नाही. बांध घातलेल्या बांधीत पाणी साचल्याशिवाय बियासीचा नांगर घालता येत नाही, म्हणून बैल गोठ्यात आणि माणसं ओट्यावर. खालच्या गाळाच्या जमिनीतलं धानसुद्धा पिवळं पडलं.

माझं उभं आहे. दुपारी सुतळी, सकाळी हिरवं. पुन्नी रोज पहाटे पळत जाते आणि ओरडत येते, "आई, उघडलं!" जसं काही दुकान उघडलं.

बिसौहा रोज बांधावर येऊन उभे राहतात. ते थोरले दीर, मी धाकटी सून. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर काढायचा नाही, सरळ बोलायचं नाही. बोलायचं ते पुन्नीच्या तोंडून. काल ते म्हणाले, "पुन्नी, आईला विचार, पाणी आलं की बियासी कधी करायची? बैल माझे, हात माझे."

मी म्हटलं, चुकून घालतील बिचारे नांगर. म्हणून तुझं पत्र आणलं आणि पुन्नीला सांगितलं, मोठ्या बाबांना म्हणावं, आई वाचते, ऐका. सगळं वाचलं. एक ओळ गाळली नाही. गाळली असती तर त्यांना वाटलं असतं काही लपवते आहे.

त्यांनी बिडी विझवून ऐकलं. मग म्हणाले, "पुन्नी, आईला विचार, पोटरीत आलं हे ओळखायचं कसं?"

मी एक ताट हातात धरून पुन्नीला दाखवलं, हे असं खोड गोल होतं, बोटांना आत गाभा लागतो. पुन्नीने त्यांना दाखवलं. त्यांनी स्वतः वाकून दाबून बघितलं. म्हणाले, "अजून नाही आलं."

भोजली, मला वाटतं त्यांचं मन वळतंय. पीक बघून शेतकऱ्याचं मन वळतंच ना? सासू अजून टोमणे मारते. "सवतीवर जळून जळूनच हिचं रान हिरवं राहिलंय," म्हणते. पण ते गप्प असतात.

तुझी भोजली


सेमरखार
३ ऑगस्ट २००२

भोजली, सीताराम.

तू वेडी आहेस का? "साहेबांना ठाऊक नाही" हेसुद्धा वाचून दाखवलंस? तुझ्या दिराच्या पोटात ही गोष्ट किती दिवस राहील? याच महिन्यात कायम करण्याची यादी लागणार आहे. माझ्या पुढे एक आणि मागे दोघं टपलेले आहेत. एक जरी बोट माझ्याकडे वळलं तर मी गेले.

ते पत्र जाळून टाक. आजच. हेही.

पीक चांगलं आहे हे वाचून बरं वाटलं. इथे फार्मवर या दुष्काळात त्या नंबरचा वाफा सगळ्यांत उजवा दिसतो आहे. साहेब पाहुण्यांना आणून दाखवतात. मला फार वाटतं की सांगावं, साहेब, एका मुरमाड भाठ्यावरही हे उभं आहे, माझ्या भोजलीच्या. पण गप्प बसते.

निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या सुमारास पाखरं येतील. पुन्नीला राखणीला बसव.

तुझी भोजली


भर्रीडीह
२९ ऑगस्ट २००२

भोजली, सीताराम.

पाणी आलं. असं आलं की दोन महिन्यांचं उसनं एकदम फेडल्यासारखं. बांध्या भरल्या. दुसऱ्या दिवशी सगळं गाव नांगर घेऊन बाहेर. उशीर झाला होता, पण गावठी धानाला अजून वेळ होता, म्हणून बियासी सुरू झाली. मीही खुशीत होते. माझं धान गच्च पोटरीत आलं होतं. दोन-चार दिवसांत लोंबी डोकावणार.

मी नदीवर गेले होते. पुन्नी धावत आली. "आई, मोठे बाबा आपल्या रानात बैल घालतायत."

मी पळत गेले. ते नांगर धरून दुसऱ्या तासाला होते. बैलांच्या मागे माझं धान आडवं पडत होतं. नुसतं पडत नव्हतं भोजली, चिखलात मुळांसकट उलटं होत होतं. पोटऱ्या फाळाखाली फुटत होत्या, आतून पांढरा कोवळा लोंब बाहेर. बघवत नव्हतं.

मी पदर ओढून बांधावर उभी. पुन्नीला म्हटलं, सांग, थांबा म्हणावं.

"मोठे बाबा, आई म्हणते थांबा!"

"आईला सांग, तिच्या नवऱ्याला नव्या बाईपुढे वेळ नाही, म्हणून मी आलोय. फुकट करतोय. घाबरू नको म्हणावं."

"आई म्हणते, पोटरीत आलंय!"

त्यांनी बैल थांबवले. वाकले. एक ताट दोन बोटांत धरून दाबलं, मी दाखवलं होतं तसंच. अगदी तसंच. मग पुन्नीकडे बघून हसले आणि म्हणाले, "हो की गं. आलंय." आणि बैल हाकले.

मी आडवी जाऊ शकले असते. नांगरापुढे झोपले असते. पण थोरल्या दिराच्या वाटेत भावजय आडवी झाली, अंगाला अंग लागलं, तर त्याच दिवशी बैठक बसली असती आणि पुन्नी त्याच दिवशी गेली असती. सगळं गाव चहूकडच्या बांध्यांत नांगर धरून बघत होतं. कुणी म्हणालं, "बिसौहाने भावजयीचं रान केलं, चांगला माणूस." कुणाला पोटरी दिसली नाही. त्यांच्या धानाला पोटरी यायला अजून महिना होता.

सासू रिकामी टोपली घेऊन आली. म्हणाली, "नांगर तुझ्या रानात आणि चूल थंड? ज्याच्या रानात नांगर चालतो त्याच्या घरून जेवण जातं, विसरलीस का? बैल उपाशी माणसाच्या हाती दिले तर वर्षभर घरात दाणा टिकत नाही." टोपली माझ्या डोक्यावर ठेवली.

मी जेवण घेऊन गेले. खरं सांगते का गेले ते. निम्मं रान राहिलं होतं. मला वाटलं, खाल्ल्यावर माणूस नरमतो. खातील, आळसावतील, ऊन होईल, बैल सोडतील. निम्मं तरी राहील. दोघींना निम्म्यातही भागलं असतं. म्हणून रात्री पाण्यात भिजवलेल्या भाताच्या बासीवर कांदा जास्त घातला, अंबाडीची चटणी वाटून नेली, अंडं तळलं. पुन्नीने वाढलं.

ते बांधावर बसून सगळं जेवले. चटणी पुन्हा मागितली. म्हणाले, "पुन्नी, तुझ्या आईच्या हाताला चव आहे. उगाच नाही माझ्या भावाला इतकी वर्षं पुरली."

हात धुतले आणि उरलेल्या निम्म्यात नांगर घातला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैठक बोलावली आहे. रान मेलं म्हणून. तू ये. तू फार्मची बाई, तू सांगितलंस की हे धान निराळं होतं, त्याला नांगर चालत नाही, आणि हे दिराला आधीपासून माहीत होतं, तर पंच ऐकतील. माझं कोण ऐकतंय? मी पाय धरते तुझे. एक दिवस ये.

तुझी भोजली


सेमरखार
५ सप्टेंबर २००२

भोजली, सीताराम.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही.

पण बघ, आधी डोकं शांत ठेव. बांधाकडेची रोपं असतील, त्यांना नवे फुटवे येतात का बघ. कधीकधी येतात.

मला येता येणार नाही. यादी लागायची आहे. साहेब दौऱ्यावर आहेत आणि रजा देणारं कुणी नाही. आणि मी आले तर पंच पहिला प्रश्न हाच विचारतील की बाई, बियाणं आलं कुठून? मी काय सांगू? तुझा दीर तर सांगेलच, त्याने पत्र ऐकलेलं आहे. मग तुझी पुन्नी जाईलच आणि माझी भाकरीही जाईल. दोघी बुडून काय होणार?

तूच ठामपणे सांग. पंचही शेतकरीच आहेत, त्यांना कळेल. पोटरीतल्या धानात नांगर घालणं हे पाप आहे एवढं त्यांना कळायला फार्मची बाई कशाला लागते?

मी इकडे देवाला दिवा लावीन.

तुझी भोजली


नवागाव, माहेर
१९ सप्टेंबर २००२

लोमिन साहू यांस,

तू दिवा लावला असशील.

बैठकीत मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर पदराआडून स्वतःच्या तोंडाने बोलले. धान निराळं होतं, पोटरीत होतं, दिरांना माहीत होतं. सगळं सांगितलं.

बिसौहा म्हणाले, "पोटरीत? ऑगस्टमध्ये? गावात कुणाचं आलंय पोटरीत? पाऊस कालपरवा पडला." लोक हसले. एक म्हणाला, "वहिनी, धान आहे की कोंबडी, इतक्यात अंडं घालायला?"

मग म्हाताऱ्या पंचांनी विचारलं, "नांगर घालू नका असं तू म्हणालीस?"

"म्हणाले."

"तोंडाने?"

"पुन्नीच्या तोंडून."

"मग त्या दिवशी नांगऱ्याला जेवण कुणी नेलं?"

मी पदर आणखी पुढे ओढला.

"बोल बाई. कुणी नेलं?"

"मी."

"काय नेलं होतंस?"

मी तेसुद्धा सांगितलं. बासी, चटणी, अंडं.

म्हातारे वाईट नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलं, मी बघितलं. पण म्हणाले, "नको असलेल्या नांगराला कुणी अंडं तळून नेत नाही. तू जेवण नेलंस म्हणजे नांगर तूच बोलावलास. रान मेलं ते देवाच्या मनात म्हणून. यात बिसौहाचा दोष नाही."

निकाल लगेच सांगितला नाही. तीज तोंडावर होती. माझा भाऊ न्यायला आला. सासू सगळ्यांदेखत म्हणाली, "तीजेला लेकी माहेरी जातातच. जा, सुखाने जा." पुन्नीला म्हणाली, "आई चार दिवसांनी येईल." पुन्नीने मला विचारलं, "माझ्यासाठी काय आणशील?" मी म्हटलं, काय आणू? ती म्हणाली, "लाल रिबीन."

मी रिबीन घेतली आहे. न्यायला कुणी आलं नाही. मी स्वतः परत गेले तर सासूने दारातूनच सांगितलं, तुझा तुकडा गेला, तुझं इथे काय? पुन्नी आत होती. मला आवाज ऐकू येत होता.

फुटवे येतात का ते बघायला तू सांगितलं होतंस. मी तिथे नसल्यामुळे बघता आलं नाही.

रमशिला


भर्रीडीह
२५ नोव्हेंबर २००२

लोमिन बहिणीस बिसौहाचा राम राम.

तुम्ही मला ओळखत असाल. मी पुन्नीच्या बापाचा, दुकालूचा, थोरला भाऊ. आमच्या धाकट्या सुनेच्या तुम्ही भोजली, म्हणजे आमच्याही घरच्याच. म्हणून न संकोचता लिहितो.

भाठ्यावरच्या तुकड्याच्या एका कोपऱ्यात मोठा दगड आहे. तिथे बैल वळत नाहीत, म्हणून थोडं धान नांगराबाहेर राहिलं. ते सप्टेंबर सरायच्या आत पिकलं. गावात बाकी कुणाला धड काही मिळालं नाही, आणि या कोपऱ्यातून सूपभर निघालं. दाणा भरलेला. अर्धं रांधून बघितलं. भात मोकळा होतो, चवीला बरा. पुन्नीनेही खाल्ला. ती बरी आहे. बकऱ्या राखते. आधी रडायची, आता जास्त रडत नाही.

मला मान्य करावं लागेल, धान पक्कं आहे. असं धान मी आयुष्यात बघितलं नाही. तो तुकडा आता आमच्या खात्यावर आला, शेजारची पडीकही तोडतो आहे. येत्या हंगामात सगळ्या भाठ्यावर हेच पेरायचं मनात आहे. तरी दोन पोती बियाणं द्यावं.

धाकटीकडे आलेलं तुमचं पत्र इथेच राहिलं. जपून ठेवलं आहे. पेरणीची माहिती चांगली लिहिली आहे तुम्ही. तुमच्या साहेबांना भेटायचा योग आला तर दाखवीन, त्यांनाही आनंद होईल. पण तुम्ही सोय केलीत तर तेवढ्यासाठी कशाला त्यांना त्रास द्यायचा?

आपला भाऊ
बिसौहा


सेमरखार भात फार्म
२ जून २००३

बिसौहा भैयांस राम राम.

आपलं पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला, माफी असावी. या धानाची चाचणी पुरी झाली आणि यंदापासून ते शेतकऱ्यांना रीतसर देता येतं. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला मिळतं. मी आता फार्मवर कायम आहे, त्यामुळे आपलं नाव पहिल्या खेपेत बसवता आलं. दोन पोती पाठवली आहेत. मीच निवडून, वाळवून, तोंड शिवून दिली आहेत.

आपण जपून ठेवलेलं माझं पत्र पोती आणणाऱ्या माणसाच्या हाती द्यावं.

ओळीत पेरा. बी खोल टाकू नका. तण हाताने काढावं लागतं, घरात बाया कमी असतील तर पुन्नीला सोबत घ्या, खुरपं धरायला ती आता मोठी आहे. दुपारी पानं वळली तर घाबरू नका. निसवल्यावर पाखरं राखा.

पोटरीत आलं की नांगर रानाबाहेर ठेवा. ओळखायचं कसं, ते तुम्हाला येतं.

आपली बहीण
लोमिन